मिसळ, हरणं आणि जमिनीतली तार

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर काउंटीत आम्ही राहतो त्या वस्तीत घरांना पुढून कुंपण नसतं. आपली हिरवळ कुठे संपली आणि शेजाऱ्याची कुठे सुरू झाली, हे फक्त गवत कापणाऱ्याला ठाऊक. माझ्यासारख्या वर्धा जिल्ह्यातून आलेल्या बाईला हे सुरुवातीला फार उघडंवाघडं वाटायचं. आमच्याकडे शेताच्या वीतभर धुऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात, आणि इथे दोन परक्या माणसांच्या मध्ये साधी बाभळीची काटीही नाही. पण चार दिवस फिरलं की कळतं, कुंपणं आहेत, फक्त ती पुरलेली आहेत. एखाद्या घरातून भला मोठा कुत्रा आपल्या अंगावर सुसाट येतो, आपण दचकून मागे सरतो, आणि फूटपाथ चार-पाच फुटांवर राहिला की तो जागच्या जागी थांबतो. तिथूनच जीव तोडून भुंकतो, पण पाऊल पुढे टाकत नाही. त्याच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याला काड्यापेटीएवढी काळी डबी. हिरवळीच्या कडेने जमिनीत तार पुरलेली असते; तिच्याजवळ गेलं की ही डबी मानेला झटका देते.

ही तार आपल्याही घराभोवती घालायची का, यावरून आमच्याकडे बरेच महिने वाद चालला. आमच्या घरात वाद म्हणजे जेवणाच्या टेबलावर सुरू होणार, भांडी डिशवॉशरमध्ये जाईपर्यंत चालणार आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. विषय होता मिसळ.

मिसळ म्हणजे आमची कुत्री. ती बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून आली. दक्षिणेकडच्या राज्यांतली शेल्टरं भरून वाहतात, म्हणून तिथली कुत्री व्हॅनमध्ये घालून इकडे उत्तरेला आणतात. तशी ती केंटकीहून आली. कागदावर ‘बीगल मिक्स’ लिहिलं होतं. बीगलमध्ये आणखी काय काय पडलंय ते कुणालाच सांगता येईना, म्हणून मुलाने नाव ठेवलं मिसळ. शेजारी तिला ‘मिसाइल’ म्हणतात. आम्ही दुरुस्त करायचं सोडून दिलंय, कारण तिला पळताना पाहिल्यावर त्यांचंच बरोबर वाटतं.

बीगल हा माग काढणारा कुत्रा. माणसांनी कित्येक पिढ्या निवडून निवडून त्याचं नाक असं केलंय की ते एकदा जमिनीला टेकलं की कान आपोआप बंद होतात. आमच्या घरामागे थोडी झाडी आहे, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे बऱ्यापैकी वाहता रस्ता. झाडीतून संध्याकाळी हरणं येतात. इथली शेपटीखाली पांढरी असलेली, धष्टपुष्ट, निर्लज्ज हरणं. त्यांना आमच्या बागेतल्या होस्टा नावाच्या शोभेच्या झाडाची पानं आवडतात आणि मिसळला ती. गराजचं दार उघडं दिसलं, कुरिअरवाल्याने जाळीचं दार धरून ठेवलं, मुलाच्या मित्राने हातातली लीश जरा सैल सोडली, की ती गेलीच. प्रत्येक वेळी कुणीतरी भला माणूस तिला परत आणून देतो. एकदा तिला रस्त्यापलीकडून आणणाऱ्या बाईचे हात थरथरत होते. तिची गाडी अगदी थोडक्यात थांबली होती. त्या दिवसापासून ‘बघू पुढे’ म्हणणं बंद झालं.

पेनसिल्व्हेनियाचा कायदाही हेच सांगतो: कुत्रा मालकाच्या आवारात बंदिस्त हवा, बांधलेला हवा, नाहीतर कुणाच्या तरी ताब्यात हवा. बांधायचं म्हटलं तर त्यालाही २०१७ पासून नियम आहेत. चोवीस तासांत नऊ तासांहून जास्त बांधून ठेवायचं नाही. पारा ९० अंश फॅरनहाइटच्या वर किंवा ३२ च्या खाली असेल तर अर्ध्या तासाहून जास्त नाही. दोरी किमान दहा फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना हे वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “बांधायचं नाही, सोडायचं नाही, कुंपण घालायचं नाही. मग ठेवायचं कुठे, देव्हाऱ्यात?”

कुंपण घालायचं नाही हे शंभर टक्के खरं नव्हतं. वस्तीच्या सोसायटीचे नियम असे की घराच्या पुढच्या अंगाला कुंपण अजिबात नाही. मागच्या अंगाला परवानगी घेऊन चार फुटांपर्यंत, तेही काळ्या ॲल्युमिनियमचं, समितीने मंजूर केलेल्या नमुन्याचं. नमुना मंजूर करणारी समिती कधी भेटते ते कुणाला माहीत नसतं. कोटेशन मागवलं तेव्हा नवऱ्याने आकडा पाहून कागद पालथा ठेवला. जमिनीतल्या तारेचा खर्च त्याच्या पाचव्या हिश्शाचा, परवानगीची गरज नाही, आणि काम एका दिवसात.

नवरा इंजिनियर, त्यामुळे त्याला त्या यंत्रणेचं भारी कौतुक. ती आहेही हुशारीची. रिचर्ड पेक नावाच्या माणसाने १९७३ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ‘स्टे-पुट’ नावाने विकायला काढली. गराजमध्ये भिंतीवर एक छोटा ट्रान्समीटर. त्यातून निघालेली तार दोन-तीन इंच खोल पुरत आवाराभोवती फिरवून परत गराजमध्ये आणायची. तारेतून रेडिओचा अगदी क्षीण संकेत फिरत राहतो. घरापासून सीमेपर्यंतच्या तुकड्यात मात्र दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्यायच्या, म्हणजे त्यांचे संकेत एकमेकांना मारून टाकतात आणि कुत्र्याला तिथून बिनधास्त ये-जा करता येते. ही तार हातात धरली तरी काही होत नाही. वीज असते ती कुत्र्याच्या गळ्यातल्या डबीत. कुत्रा सीमेजवळ आला की डबी आधी बीप करते; तरी तो पुढे गेला तर दोन बोथट धातूच्या टोकांमधून मानेला झटका देते. कंपन्या त्याला झटका म्हणत नाहीत, ‘स्टॅटिक करेक्शन’ म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो, पण तो वेगळा विषय.

नवऱ्याचा मुद्दा साधा होता. “आज ती दिवसभर घरात आणि दोन वेळा सहा फुटी लीशवर. तार घातली तर सुरुवातीला दोन-चार झटके बसतील, आणि मग आयुष्यभर पाऊण एकर मोकळा. तिला विचारलं असतं तर तिने काय निवडलं असतं?” या प्रश्नावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि आजही मला तो प्रश्न वाईट वाटत नाही. मुलगा मात्र पेटला. तो बारा वर्षांचा, म्हणजे तत्त्वांचं वय. “मी होमवर्क केला नाही तर मला पण करेक्शन देणार का?” असं विचारून ताटावरून उठून गेला. अर्धी पोळी टाकून. ती मिसळने खाल्ली.

मी दादाला फोन केला. दादा गावाकडे शेती करतो, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला. तिकडे तूर आणि हरभरा म्हणजे रानडुकरांचं आणि रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, जेवण. रात्रभर जागल करून माणसं थकली, तेव्हा बऱ्याच जणांनी झटका मशीन घेतल्या. वावराभोवती खांब, खांबांना प्लॅस्टिकचे इन्सुलेटर, त्यातून जीआय तार, आणि मचाणाजवळ सोलर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी आणि टिक-टिक करणारी मशीन. व्होल्टेज हजारोंनी, पण करंट सेकंदाला एकदा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन गेलेला. म्हणून जनावर झटका खाऊन मागे फिरतं, मरत नाही. काही जण पैसे वाचवायला घरच्या २३० व्होल्टच्या लायनीवर आकडा टाकून सरळ तारेत करंट सोडतात. त्यात डुकरं मरतात, वाघ मरतात, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूसही मरतो. विदर्भातला पेपर रोज वाचणाऱ्याला यातलं काही नवीन नाही. दादा त्या वाटेला गेला नाही. त्याची मशीन रीतसर आहे. तार चालू आहे की नाही हे तो गवताची लांब काडी लावून बघतो; काडीतून हाताला हलकं टुचकन लागलं की तार जिवंत. हे करताना मी त्याला पाहिलंय, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा दुधाचं तापमान बघणाऱ्या बाईइतकाही ताण नसतो.

“तुले काहून एवढा इचार करा लागते?” तो म्हणाला. “आमच्या काळ्याले एकदाच बसला. ओलं नाक लावलं तारेले अन् असा बोंबलत पळाला, का दोन दिवस वावरातच आला नाही. आता मशीन बंद असली तरी तारेच्या हातभर लांबून जाते.”

“आणि डुकरं?”

“डुकराचं काही सांगता येत नाही. मागून कळप ढकलते अन् समोरचं तार घेऊनच आत येते. तुरीचा वास लागला का त्याले झटक्याचं काही वाटत नाही.”

हे तो सहज बोलून गेला आणि सोयाबीनच्या भावावर आला. माझ्या डोक्यात मात्र ते डुक्कर राहिलं.

काळ्याचंही, म्हणजे दादाच्या कुत्र्याचंही, राहिलं, वेगळ्या कारणाने. काळ्याला तार दिसते. त्याला झटका त्या चकचकीत तारेने दिला, हे त्याच्या नाकाने आणि डोळ्याने एकाच क्षणी नोंदवलं. आमच्या हिरवळीत दिसायला काहीच नसणार. म्हणून तार पुरणारे लोक सीमेवर पांढऱ्या झेंड्यांच्या काठ्यांची रांग लावून देतात आणि कुत्र्याला शिकवावं लागतं: लीशवर धरून झेंड्यापर्यंत न्यायचं, बीप वाजली की मागे वळवायचं, खाऊ द्यायचा, शाबासकी द्यायची. सुरुवातीला झटका बंद ठेवून, मग अगदी कमी. साधारण दोन आठवडे हे केलं की झेंडे एकाआड एक काढायचे. जे लोक हे नीट करतात त्यांच्या कुत्र्यांना बीपची भाषा कळते. जे डबी गळ्यात बांधून दार उघडतात आणि ऑफिसला जातात, त्यांच्या कुत्र्यांना काय कळत असेल ते मला ठाऊक नाही.

या शिकवण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला मला आमच्याच शहरातला एक जुना प्रयोग उपयोगी पडला. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात १९६० च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. आज तसं करू देणार नाहीत, आणि वाचतानाही पोटात ढवळतं. एका गटातल्या कुत्र्यांना डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबवता यायचा. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण काहीही केलं तरी थांबायचे नाहीत. मग सगळ्यांना एका पेटीत ठेवलं, जिच्या मध्ये सहज उडी मारता येईल एवढीच आड होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बरीचशी तिथेच बसून कण्हत राहिली. १९६७ मध्ये हे छापून आलं आणि ‘शिकलेली असहायता’ हा विचार मानसशास्त्रात रुजला; माणसांच्या नैराश्याबद्दल बोलतानाही तो वापरला जाऊ लागला. पण खरी गंमत पुढे आहे. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपण ते उलटं समजलो होतो. लांबत गेलेल्या त्रासापुढे गप्प बसणं हे मेंदूचं मूळचंच वागणं आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते ‘हे माझ्या हातात आहे’ हे.

हे वाचून मी तारेच्या बाजूला थोडी झुकले, हे कबूल केलं पाहिजे. कारण नीट शिकवलेल्या कुत्र्याला ही यंत्रणा नेमकी तीच गोष्ट देते: बीप वाजली, मागे वळलो, काही झालं नाही. झटका त्याच्या हातात राहतो. निव्वळ ‘वीज म्हणजे क्रूर’ असं म्हणून मोकळं व्हायचं तर मग दादाच्या काळ्याचं काय करायचं? तो तर वावरात राजासारखा फिरतो.

दोन घरं सोडून राहणाऱ्या आजींकडे ही तार आहे. त्यांच्याकडे एक म्हातारा गोल्डन रिट्रीव्हर आहे. मी त्यांना विचारलं तर त्यांनी लगेच पट्टा काढून माझ्या हातात दिला. “स्वतःच बघ,” म्हणाल्या. ती दोन टोकं तळहातावर दाबून धरून मी हिरवळीच्या कडेकडे चालत गेले. बीप सुरू झाली. खरं सांगते, झटक्यापेक्षा ती बीपच जास्त वाईट होती, कारण मला ठाऊक होतं की पुढे काय आहे आणि तरी मी पाय टाकणार होते. मग लागला. कोपराचं हाड दाराच्या चौकटीवर आपटल्यावर बोटांपर्यंत जी मुंगीची रेघ जाते, तसंच, फक्त जास्त टोकदार. मी हात झटकला आणि हसले. आजीही हसल्या. एवढंसंच आहे की, असं मला वाटलं. पण माझा हात मोकळा होता, तो झटकता येत होता. आणि आजींचा पट्टा सगळ्यात खालच्या लेव्हलवर होता.

त्यानंतर त्यांनी जे दाखवलं ते मला जास्त दिवस पुरलं. त्यांच्या हिरवळीत कडेपासून ठरावीक अंतरावर गवत घासून घासून एक पायवाट पडली आहे, संपूर्ण आवाराभोवती. कुत्रा त्याच रेघेवरून फिरतो. आता त्याच्या गळ्यात पट्टा बहुतेक वेळा नसतोच. मधे बॅटरी संपून किती दिवस गेले होते हे आजींनाही आठवत नाही. तरी तो रेघ ओलांडत नाही. त्याला फिरायला न्यायचं असेल तर पट्टा काढून, लीश लावूनही तो चालत बाहेर येत नाही, म्हणून आजी त्याला गराजमध्ये गाडीत बसवतात, गाडी रस्त्यावर आणतात आणि तिथे उतरवतात. हे त्या कौतुकाने सांगत होत्या. किती शहाणा आहे बघ. आणि कुत्रा खरोखरच मजेत दिसत होता, शेपूट हलवत, गुटगुटीत. मी त्याच्याकडे बघून काही दुःखी निष्कर्ष काढायला तयार नाही. पण मला हेही दिसलं की हा कुत्रा तार नसती तरी कुठे गेला नसता. आजींच्या पायाशी झोपणं हाच त्याचा स्वभाव.

इथे माझ्या मनातली गाठ सुटली असं म्हणता येईल. जमिनीतली तार सगळ्यात छान चालते ती ज्याला तिची गरज कमी आहे अशा कुत्र्यावर. मऊ स्वभाव, नजर मालकाकडे, पळायची फारशी ओढ नाही. त्याला बीपच पुरते. ज्याच्यासाठी तार घालायचा विचार करावा लागतो, तो दादाच्या डुकरासारखा असतो.

मिसळचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हरणामागे झाडीत घुसली तेव्हा तिथे रानगुलाबाचं दाट जाळं होतं. इथे ते कुठेही माजतं आणि त्याचे काटे मागे वळलेले असतात. ती त्यातून आरपार गेली. परत आली तेव्हा कानाची कड फाटून रक्त मानेपर्यंत ओघळलेलं, आणि ती जीभ बाहेर काढून हसत होती. कण्हली ती मी डेटॉल लावल्यावर. म्हणजे वासाच्या नादात असताना तिला दुखतच नाही, निदान थांबण्याइतकं दुखत नाही. अशा कुत्रीला सीमेवर थांबवायचं तर डबीची लेव्हल चढवत न्यावी लागणार. कुठपर्यंत? तिला फाटलेला कान कळला नाही, त्याच्याहून जास्त कळेल इथपर्यंत. ते मला करायचं नव्हतं.

आणि समजा तरीही ती सुटली. पूर्ण वेगात ती तारेलगतच्या झटक्याच्या टापूतून दीड-दोन सेकंदांत पार होईल, झटका खाईल आणि हरणामागे जाईल. मग हरीण हातचं जाईल, भूक लागेल, घर आठवेल आणि ती परत येईल. आता हिरवळीच्या कडेला पुन्हा बीप, पुन्हा झटका, आणि या वेळी तिला पुढे ओढणारं हरीण नसेल. म्हणजे ही तार तिला बाहेर जाताना अडवणार नाही, पण घरी येताना अडवेल. नवऱ्याला मी हे कागदावर बाण काढून दाखवलं. इंजिनियर माणूस, त्याला बाण पटतात. तो बराच वेळ कागद बघत बसला.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी कोलंबस शहरातल्या कुत्रेवाल्यांची पाहणी केली होती, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तारेच्या आत राहणाऱ्या कुत्र्यांपैकी ४४ टक्के कधी ना कधी पळाले होते. खऱ्या कुंपणाच्या आत राहणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के. खरं कुंपणही काही अभेद्य नाही, हेही त्यातच आलं. दुसरी एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त बोचली. झटका बसतो त्या क्षणी कुत्र्याच्या समोर जे असतं, त्याच्याशी तो झटका जोडला जाऊ शकतो. समोर सायकलवरचं पोर असेल तर त्या पोराशी. रिचर्ड पोल्स्की यांनी २००० मध्ये अशा यंत्रणेतल्या कुत्र्यांनी माणसांवर हल्ला केल्याची पाच प्रकरणं नोंदवली. पाच म्हणजे काही साथ नव्हे. पण आमच्या हिरवळीच्या कडेलाच स्कूल बसचा थांबा आहे.

शिवाय ही तार कुणाला आत यायला अडवत नाही. दुसऱ्याचा मोकाट कुत्रा, रेबीज झालेला रकून, कोल्हा, कायोटी, सगळ्यांना दार उघडं. आणि मिसळ मात्र आत कोंडलेली.

वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्या-मांजरांना झटका देणारे पट्टे वापरणं गुन्हा आहे, जमिनीतल्या तारेचे पट्टेही त्यात आले. इंग्लंडमध्ये रिमोटच्या पट्ट्यांवर बंदी आणायचं ठरलं तेव्हा तारेचे पट्टे मात्र त्यातून वगळले. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की कुत्र्यांना शिकवताना बक्षिसाचीच पद्धत वापरावी, झटक्याचे पट्टे नकोत. पेनसिल्व्हेनियात मात्र ते दुकानात रांगेने लटकलेले असतात, रेनकोटच्या शेजारी. हे सगळं मी वाचलं, पण त्याने माझा निर्णय झाला नाही. एखाद्या देशाने बंदी घातली म्हणून आजींना क्रूर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आजींच्या कुत्र्यासाठी त्यांचा निर्णय ठीक होता असंच मला आजही वाटतं.

सासूबाईंनी परत जायच्या आधी विचारलं, “मग काय ठरलं तुमच्या तारेचं?” मी म्हटलं, नको म्हणतोय. त्या म्हणाल्या, “बरं झालं. ती तार म्हणजे कुत्र्यानेच स्वतःवर लक्ष ठेवायचं. मग तुम्ही काय करणार?” आणि बॅगेत ठेपल्यांचा डबा कुठे बसेल ते बघू लागल्या.

आम्ही मागच्या अंगाला चार फुटी काळं ॲल्युमिनियम घालायचं ठरवलं. पुढच्या सुट्टीची तिकिटं त्यात गेली. समितीला अर्ज, सोबत नकाशा, शेजाऱ्यांच्या सह्या, दोनदा परत आलेला फॉर्म, हे सगळं सांगत बसत नाही. ज्यांनी सोसायटीत काही केलंय त्यांना ते पाठ आहे. खणायच्या आधी ८११ नंबरला कळवावं लागतं, म्हणजे लोक येऊन जमिनीखालून काय काय गेलंय त्याच्या खुणा करून जातात. तसे ते आले. वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, सांडपाणी हिरवं, टेलिफोन-केबल नारिंगी. आमची हिरवळ छोट्या छोट्या झेंड्यांनी भरून गेली. आजी येऊन म्हणाल्या, “म्हणजे तार घातलीच की तुम्ही!” त्यांना समजावून सांगावं लागलं.

कुंपणवाल्याने मिसळकडे एक नजर टाकून विचारलं, खणते का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग त्याने तळाला जाळी सुचवली: कुंपणाच्या पायाला जोडायची आणि आतल्या बाजूला जमिनीवर दोन फूट आडवी अंथरून वर माती टाकायची. कुत्रा कुंपणाला चिकटूनच खणतो, त्याच्या पंजाला जाळी लागली की तो तिथे खणायचं सोडतो. त्याचे पैसे वेगळे.

काम झाल्यावर दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो तेव्हा वावरात होता, मागून मशीनची टिक-टिक ऐकू येत होती. मी फोन फिरवून सगळं कुंपण दाखवलं, फाटकाची आपोआप लागणारी कडीसुद्धा. त्याने किंमत विचारली. मी सांगितली. थोडा वेळ नुसतीच टिक-टिक.

“एवढ्या पैशात इथं दोन एकर ओलीत झालं असतं,” तो म्हणाला. मग त्याने डोळे बारीक करून स्क्रीनमध्ये बघितलं. “उंची किती हाय याची?”

“चार फूट. जास्त चालत नाही.”

“अन् तुह्ये ते हरणं?”

हरणं चार फुटांवरून चहा पीत पीत उडी मारतात. पहिल्याच आठवड्यात दोन जणी आत येऊन होस्टा खाऊन गेल्या. मिसळ मागच्या दारातून सुटली, तिच्यामागे मी, माझ्यामागे मुलगा. हरणं हवेत उठली, पलीकडे गेली आणि झाडीशी जाऊन मागे वळून बघत उभी राहिली. मिसळ कुंपणापाशी पोचली, दोन पाय वर टेकवून उभी राहिली आणि इतकं भुंकली की आजींच्या घरातला दिवा लागला. मग खाली उतरून तिने तिथेच खणायला सुरुवात केली.